आमच्या पार्टीतला रोग (हा आरोग्यविषयक धागा नाही)

सोंगटी | रविवार, रात्री ११:४२

आधी शीर्षकाचा खुलासा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात प्रत्येक भिडूचं एक पात्र असतं आणि प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो. फायटर म्हणजे लढवय्या, विझर्ड म्हणजे जादूगार, क्लेरिक म्हणजे मंत्राने बरं करणारा पुजारी, वगैरे. त्यातला कुलपं उघडणारा, खिसे कापणारा, अंधारातून येऊन पाठीत सुरा खुपसणारा जो क्लास, तो रोग (इंग्रजी rogue). देवनागरीत लिहिलं की असंच दिसतं, माझा इलाज नाही.

आम्ही सहा जण आहोत. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि राक्षसापासून सरायवाल्यापर्यंत उरलेल्या सगळ्या जगाची सोंगं काढणारी. बाकी पाच भिडू. लॉकडाऊनमध्ये डिस्कॉर्ड आणि रोल२०वर ऑनलाइन सुरू केलं, २०२२पासून दर शनिवारी चार ते आठ समोरासमोर बसतो. पुणे, कोथरूड.

रोग खेळणारा माझा कॉलेजचा मित्र. वीस बाजूंचा फासा माझ्या हातात पहिल्यांदा त्यानेच दिला.

गेल्या शनिवारी काय झालं ते सांगते. आमची पात्रं सध्या पाचव्या लेव्हलवर आहेत. क्लेरिकला या लेव्हलला रिव्हिव्हिफाय हा मंत्र मिळतो, म्हणजे मेलेल्याला एका मिनिटाच्या आत उठवता येतं. पण त्यासाठी ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि मंत्र म्हटला की तो खर्ची पडतो. पार्टीने चार सत्रं पैसे साठवून एक हिरा घेतला होता. शनिवारी फायटर पडला, जगतो की मरतो ठरवणारे फाशाचे तीन रोल एकापाठोपाठ हुकले, मेला. क्लेरिकवाला अक्षरशः हसत म्हणाला, "काळजी नको, हिरा आहे." आणि रोगने खुर्चीत मागे रेलून सांगितलं की हिरा नाहीये. दोन सत्रांपूर्वी त्याने तो क्लेरिकच्या पिशवीतून लांबवला आणि विकलाही. फायटरचा भिडू तीन वर्षं ते पात्र खेळतोय. तो काही बोलला नाही, कॅरॅक्टर शीट घडी करून बॅगेत ठेवली आणि चपला घालून निघून गेला. रोगचं म्हणणं, "माझं कॅरॅक्टर असंच वागेल."

हे पहिल्यांदा नाही. फासा टाकतो आणि कुणी बघायच्या आत उचलतो. दुसऱ्याची पाळी असली की मोबाईल. गटात गेल्या वर्षी आलेली एक बावीस वर्षांची मुलगी आहे, बार्ड (गाणारा-वाजवणारा क्लास) खेळते, तिच्याशीही जरा चेष्टेचंच वागणं असतं. नियमांवरून वाद तर दर आठवड्याला.

बाकीच्यांचं म्हणणं, त्याला आता थांबायला सांग. मलाही पटतंय. पण सांगायचं कसं? आणि खरी गोची पुढेच आहे: आम्ही खेळतो ते त्याच्याच घरी. पुस्तकं त्याची, मिनिएचर (पात्रांच्या छोट्या बाहुल्या) त्याच्या, टेबल त्याचं. सहा वाजता पोहे येतात ते त्याच्या आईच्या हातचे.

मोहीम, म्हणजे दर शनिवारी पुढे सरकणारी आमची गोष्ट, संपली असं जाहीर करून टाकावं का? की खेळातच त्याचं पात्र मारावं? चार तासांच्या खेळासाठी माझी आठवड्याला तीन तास तयारी असते, त्यामुळे "खेळच तर आहे" असं कृपया लिहू नका.

चहाबिस्किट | रविवार, रात्री ११:५८

खेळच तर आहे.

(माफ करा, राहवलं नाही.) पण मला खरंच कळलं नाही, यात जिंकतं कोण? पट असतो का?

सोंगटी | सोमवार, सकाळी ७:१०

कुणीच जिंकत नाही, तीच तर गंमत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ काढला. त्याआधी सैन्याच्या पलटणी पटावर हलवायचे खेळ होते. यांनी पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. भिडू सांगतो माझा माणूस काय करतोय, जमेल की नाही हे फासा सांगतो. सगळे एकाच बाजूला असतात. म्हणूनच हिरा प्रकरण झोंबलं.

खडूस_काका | सोमवार, सकाळी ८:३१

शकुनीचा विनोद कुणीतरी करणारच होतं, मीच करून मोकळा होतो. झाला.

आता मुद्दा. फासे-राक्षस मला कळत नाहीत, पण हा माणूस मी ओळखतो. आमच्या वाड्यात तो होता. बॅट त्याची. त्यामुळे पहिली बॅटिंग त्याची, आउट झाला तरी "ट्राय बॉल होता". आम्ही सहा पोरांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी त्याचा रडीचा डाव सहन केला, कारण दुसरी बॅट नव्हती. सुट्टी संपता संपता कुणीतरी धोपाटणं आणलं आणि त्यावर खेळायला लागलो. बॅटवाला दोन दिवस कट्ट्यावर बसून बघत होता.

तुमचा प्रश्न रोगचा नाही, धोपाटण्याचा आहे. आधी जागा शोधा.

निषाद७ | सोमवार, सकाळी ९:०५

काका +१, पण खेळातला उपाय जास्त मजेदार. पुढच्या शनिवारी एन्शंट रेड ड्रॅगन. रोगच्या डोक्यावर उतरवायचा. विषय संपला.

एडिसनचा_आबा | सोमवार, सकाळी ९:२०

निषाद, हे करून बघितलेलं आहे. पात्र मेलं की तो अर्ध्या तासात दुसरं बनवतो, आधीच्याचा जुळा भाऊ, आणि आता त्याला सूडही घ्यायचा असतो. खेळाबाहेरचं भांडण खेळात मिटत नाही. शिवाय बाकी चौघांना कळतं की डीएम फासे घेऊन एकावर तुटून पडलाय. उद्या त्यांचाही नंबर लागू शकतो.

सोंगटी, तुमच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे मोहीम संपली असं सांगण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो. मी तेच केलं होतं. न्यू जर्सीत आमचा शुक्रवारचा गट होता, सगळे मराठी, पोरं झोपली की माझ्या बेसमेंटमध्ये जमायचो. एक भिडू असा होता की बाकीच्यांना वाक्य पूर्ण करू द्यायचा नाही. वाईट माणूस नव्हता. एकटा होता, आठवड्याचं सगळं बोलणं शुक्रवारी काढायचा. आम्ही वर्षभर सहन केलं आणि मग मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "मंडळी, कामाचा ताण फार वाढलाय, मोहीम इथेच थांबवतो." दोन आठवड्यांनी पाच जणांचा नवा ग्रुप काढला. नाव बदललं, वार बदलला. आपण फार हुशारी केली असं वाटलं.

चार महिन्यांनी एकाच्या बायकोने स्टेटसला फोटो टाकला. मिसळीचा. मिसळीच्या कडेला फासे आणि माझा डीएम स्क्रीन, म्हणजे टिपणं लपवायचा पुठ्ठ्याचा आडोसा.

तो काही बोलला नाही. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत भेटला, प्रसादाच्या रांगेत माझ्या हातावर मोदक ठेवला आणि विचारलं, "कामाचा ताण कमी झाला का?" तेवढंच. त्याला काही गोष्टी मला समोर सांगता आल्या असत्या. सांगितल्या असत्या तर कदाचित तो बदललाही असता. मी त्याला तेवढाही भाव दिला नाही. त्याला काढल्याचं मला आजही काही वाटत नाही, पण तो मोदक मला गिळता आला नव्हता.

तेव्हा खोटं कारण देऊ नका. पुण्यात तर चार महिनेसुद्धा लागणार नाहीत.

पाणकोंबडी | सोमवार, सकाळी १०:४४

"तो मोदक मला गिळता आला नव्हता" 🙁

अवांतर: बेसमेंटात मिसळ? तर्री कार्पेटवर सांडत नाही?

एडिसनचा_आबा | सोमवार, सकाळी १०:५०

सांडते. त्यावरून घरात वेगळा धागा निघेल.

अर्धविराम | सोमवार, दुपारी १:१५

धागा दोनदा वाचला. एक विचारू का? राग नको.

हिरा कसा घेतला, किती मुद्रांचा, कधी चोरला, फायटर कसा मेला, चपला कशा घातल्या, हे सगळं तुम्ही तब्येतीत सांगितलंत. त्या मुलीला मिळालं एक वाक्य. "जरा चेष्टेचंच वागणं." ते वाक्य मोबाईल बघणं आणि नियमांचे वाद यांच्या मधोमध आहे.

"चेष्टा" म्हणजे नेमकं काय?

आणि दुसरं. हिरा त्याने चोरला तेव्हा ते फक्त त्याला आणि तुम्हाला माहीत होतं, बरोबर? म्हणजे त्याने तुम्हाला चिठ्ठी दिली, तुम्ही ती वाचलीत आणि स्लाइट ऑफ हँडचा, म्हणजे हातचलाखीचा रोल करू दिलात. डीएम तुम्ही आहात. "आपल्यात एकमेकांच्या पिशव्या कापायच्या नाहीत" हे तेव्हाच म्हणता आलं असतं. त्या चोरीत तुम्ही बरोबरीच्या भागीदार आहात. त्यामुळे हिऱ्यासाठी त्याला काढणार असाल तर तो तुम्हाला हेच ऐकवेल, आणि बरोबर ऐकवेल.

निषाद७ | सोमवार, दुपारी १:३२

बाप रे. नॅचरल २०. (फाशावर थेट वीस, सगळ्यात मोठा आकडा.)

सोंगटी | सोमवार, रात्री १०:२६

अर्धविराम, दिवसभर उत्तर टाळलं. राग आला होता, आता नाहीये.

हो, रोल मी करू दिला. मला वाटलं मजा येईल, पुढे कधीतरी उघड होईल, नाट्य होईल. झालं.

त्या मुलीबद्दल. लिहिताना मलाच अवघड वाटत होतं म्हणून एका वाक्यात उरकलं. सराईचा प्रसंग होता. रात्री पात्रं आपापल्या खोल्यांत गेली आणि याचा रोग तिच्या बार्डच्या दाराशी गेला. ती म्हणाली, "माझी बार्ड झोपली, पुढे जाऊया." हा म्हणाला, "मी पर्सुएजन रोल करतो," म्हणजे तिचं मन वळतं का ते फाशाने ठरवतो. मी सांगितलं की भिडूच्या पात्रावर असला रोल चालत नाही, ती नाही म्हणाली तर नाही. तो हसला, "अगं ती थोडीच तू आहेस?" आणि कुलूप उघडायचा रोल टाकला. मी घाईघाईने बाहेर आग लावली आणि सगळ्यांना खाली पळवलं. तेव्हा वाटलं, किती सफाईने निभावलं.

नंतर प्रत्येक सराईत तेच. प्रत्येक वेळी माझी आग, नाहीतर दरोडेखोर. मग तो तिला व्हॉट्सॲपवर तिच्या पात्राच्या नावाने हाक मारायला लागला, रात्री अकरा-साडेअकराला. हे तिने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते. नंतर तिने टेबलाजवळची जागा बदलली. आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसते, जिथून काकू दिसतात.

गेले दोन शनिवार ती आली नाही. परीक्षा आहे म्हणाली. तिची परीक्षा मे महिन्यात संपली. मला माहीत आहे, कारण निकालाचे पेढे तिने टेबलावरच वाटले होते.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:४१

लिहिलंत हे बरं केलंत.

मग "कुणाला काढावं का" हा प्रश्न उरतच नाही. तुमच्या गटातून एक भिडू जाऊन झालाय. तिला कुणी काही बोललं नाही, कुणी धागा काढला नाही, ती परीक्षेचं नाव सांगून मुकाट्याने गेली.

खडूस_काका | सोमवार, रात्री ११:०२

अर्धविराम यांना अनुमोदन. माझी बॅटची गोष्ट मागे घेतो. ते प्रकरण निराळं होतं.

निषाद७ | मंगळवार, सकाळी ८:४८

विनोद बाजूला ठेवतो. तुम्ही सेशन झीरो केलं होतं का? म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी एकदा बसून काय चालेल, काय नाही हे ठरवणं. रॉन एडवर्ड्सची रेषा आणि पडदे ही कल्पना आहे. रेषेपलीकडचं गोष्टीत येणारच नाही. पडद्यामागचं घडेल, पण कुणी वर्णन करणार नाही. आणि २०१३मध्ये जॉन स्टाव्रोपोलसने मांडलेलं एक्स-कार्ड तर फारच सोपं आहे. टेबलाच्या मध्ये फुली मारलेला एक कागद. कुणालाही काही नको वाटलं तर त्यावर बोट ठेवायचं, प्रसंग तिथे कापायचा, कारण विचारायचं नाही.

सोंगटी | मंगळवार, सकाळी ९:१५

डिस्कॉर्डवर सुरू केलं तेव्हा केलं होतं, पण ती मुलगी नंतर आली. तिच्यासाठी पुन्हा बसलो नाही. कार्ड आहे. त्यावर चहाचा कप ठेवतात.

एडिसनचा_आबा | मंगळवार, सकाळी ९:४०

निषाद, कार्ड चांगलंच आहे, मी वापरतो. पण चुकून पाय पडणाऱ्याला त्याचा उपयोग. "नको" हा शब्द स्वच्छ मराठीत ऐकूनही जो कुलूप उघडायचा रोल टाकतो, त्याला कागदावरची फुली काय सांगणार?

तंबोरा | मंगळवार, सकाळी ११:३०

मला हा खेळ माहीत नाही, मी हौशी नाटकवाला. पण यातलं निम्मं ओळखीचं वाटतंय. एकांकिकेच्या तालमींत असा एक नट असायचाच. प्रसंगात थप्पड असेल तर जोरात मारणार, वर "भूमिकेत होतो रे". आमच्या दिग्दर्शकाने एकदा प्रयोगाला तीन आठवडे असताना असा प्रमुख नट काढला. आम्ही हादरलो होतो, आता स्पर्धेचं काय! बदली आलेला पोरगा साधारणच होता, बक्षीस नाही मिळालं. पण तालमीला पोरी वेळेवर यायला लागल्या. तोपर्यंत आम्ही समजत होतो की त्यांना शिस्त नाही.

नवाआयडी_एकदाच | मंगळवार, दुपारी ३:०७

फक्त या धाग्यासाठी आयडी काढलाय. मला काढलं होतं. बंगळूरमध्ये, तीन वर्षांपूर्वी.

मी त्या मुलासारखं काही केलं नव्हतं, हे आधी सांगतो. (सगळे असंच म्हणतात, हेही माहीत आहे.) माझा दोष नियमांचा. दुसऱ्याच्या पाळीत मी सांगायचो की तू हे नाही, ते कर. विझर्ड फायरबॉल टाकणार असेल तर वीस फुटांच्या त्रिज्येत कोण कोण येतं, हे तिने मोजायच्या आत मी मोजून टाकायचो. मला वाटायचं मी मदत करतोय.

एके दिवशी डीएमचा मेसेज आला. "वुई फील द एनर्जी इज नॉट मॅचिंग." एवढंच. मी विचारलं काय चुकलं, तर "नथिंग पर्सनल". मी सहा महिने विचार करत होतो. माझी भाषा? कपडे? मी व्हेज आहे म्हणून पिझ्झा वेगळा मागवावा लागतो म्हणून? खरं कारण दीड वर्षानंतर त्यातल्याच एकाने बिअरवर सांगितलं आणि पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती. हे तर बदलता येण्यासारखं आहे!

सांगताना दुखेल, ते टळणार नाही. पण कारण सांगा. एकच सांगा, खरं सांगा. यादी काढू नका, यादी ऐकताना माणूस फक्त खोडून काढायचे मुद्दे शोधतो.

पाणकोंबडी | मंगळवार, दुपारी ३:२५

हा आयडी एकदाच नको, राहा इथे.

सोंगटी | मंगळवार, रात्री ९:५०

सगळे प्रतिसाद वाचले. एक मेसेज लिहिलाय, बघा:

"हाय, आपण सगळ्यांनी मिळून असं ठरवलंय की सध्या ग्रुपमध्ये थोडे मतभेद आहेत त्यामुळे तू काही दिवस ब्रेक घेतलास तर बरं होईल. आपली मैत्री आहेच. प्लीज गैरसमज नको."

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०:०४

"आपण सगळ्यांनी" खोडा. मराठीत "आपण"मध्ये तो येतो. त्याने काय ठरवलंय? काहीच नाही.

तंबोरा | मंगळवार, रात्री १०:१२

"आम्ही" केलंत तर पाच जणांचं न्यायालय बसल्यासारखं होतं. मग तो एकेकाला फोन करून विचारणार, तू पण होतास का त्यात? "मी" लिहा. डीएम तुम्ही, निर्णय तुमचा. आणि "मतभेद" कसले? दोन बाजू असल्या की मतभेद. इथे एक बाजू दाराला कडी लावून बसली होती.

एडिसनचा_आबा | मंगळवार, रात्री १०:२०

"काही दिवस ब्रेक" काढा. महिन्याने तो विचारेल, संपला का ब्रेक? तेव्हा हाच मेसेज पुन्हा लिहावा लागेल.

खडूस_काका | मंगळवार, रात्री १०:३३

कॉलेजपासूनचा मित्र आणि मेसेज? घरी जाऊ नका, तिथे त्याची आई आहे. बाहेर चहाला बोलवा. अमृततुल्यात उभ्याने, बसायला जागा नसते ते बरं. दहा मिनिटांत उरकतं.

सोंगटी | मंगळवार, रात्री ११:१८

मेसेज खोडला. काका म्हणतात तसं करते.

माझी अडचण काय आहे ते कुणाला न सांगितलेलं सांगते. चार वर्षांपूर्वी बाबा आयसीयूत होते तेव्हा रात्री तीन वाजता डबा आणि चार्जर घेऊन हाच आला होता. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मोबाईलवर फासे टाकून माझ्याशी एक फालतू लढाई खेळला, मला झोप लागू नये म्हणून. तोच माणूस तो, आणि सराईतलाही तोच. मला ही दोन माणसं एकत्र बसवता येत नाहीयेत.

निषाद७ | मंगळवार, रात्री ११:२९

२००३ सालचा एक जुना इंग्रजी निबंध आमच्या जमातीत अजून फिरतो. गीक लोकांच्या, म्हणजे असल्या छंदांत बुडालेल्यांच्या, पाच गैरसमजुतींवर. पहिलीच ही, की कुणालाही वगळणं म्हणजे दुष्टपणा. शाळेत आपल्यालाच कुणी टीममध्ये घ्यायचं नाही, त्यामुळे आपण मोठेपणी कुणालाच बाहेर काढू शकत नाही. वाचला तेव्हा मी माझाच गट आठवत बसलो होतो.

त्याच्याशी मैत्री ठेवा की. डबा आणणारा मित्र म्हणून ठेवा. शनिवारी चार ते आठ त्याला टेबलावर जागा आहेच असं त्यातून ठरत नाही.

चहाबिस्किट | बुधवार, सकाळी ७:४०

पहिल्या प्रतिसादाबद्दल सॉरी, सोंगटी. हे "खेळच तर आहे" वगैरे काही नाहीये.

व्हॉट्सॲप ग्रुपमधून मात्र तुम्ही काढू नका, तिथे नावासकट ओळ उमटते. बोलणं झालं की त्याचा तो बाहेर पडू दे.

सोंगटी | शुक्रवार, रात्री ११:०५

झालं.

काल संध्याकाळी भेटले. पाठ केलेलं पहिलं वाक्यच बोलले: "शनिवारच्या खेळात तू यापुढे नसावंस असं मी ठरवलंय." तो आधी हसला. म्हणाला, "हिऱ्यासाठी?" मी म्हटलं, हिऱ्यासाठी नाही, हिऱ्यात मीही होते. सराईसाठी. ती नको म्हणाली तरी तू थांबला नाहीस, आणि एकदा नाही, चारदा.

मग त्याने तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "तिने तुला सांगितलं?" मी म्हटलं, मी समोर बसले होते, मला कुणी सांगायला कशाला हवं? मी तेव्हाच थांबवायला हवं होतं, ती माझी चूक, पण तुझी तुझी आहे.

बराच वेळ कप फिरवत राहिला. मग माझं पात्र, तुझं पात्र, तुम्ही लोक फार सेन्सिटिव्ह झालात, हे सगळं येऊन गेलं. नवाआयडींचं ऐकून एकाच कारणावर टिकून राहिले, दुसरं काही काढलं नाही. मोबाईलसुद्धा नाही. शेवटी तो म्हणाला, "पुस्तकं परत दे." माझ्याकडे त्याचं प्लेअर्स हँडबुक आणि मॉन्स्टर मॅन्युअल होतं. दोन्ही बॅगेत घालूनच गेले होते, ती दिली. ती मी आधीच आणली होती याचं त्याला जास्त लागलं असं दिसलं.

गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आईला काय सांगू?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं.

एडिसनचा_आबा | शुक्रवार, रात्री ११:३०

🙏 काहीही लिहायला सुचत नाहीये. चांगलं केलंत.

अर्धविराम | शुक्रवार, रात्री ११:३४

तिला कळवलंत का?

सोंगटी | शुक्रवार, रात्री ११:४७

हो. एवढंच लिहिलं की तो यापुढे नसेल, निर्णय माझा आहे, तुझ्यावर कसलंही ओझं नाही. आणि त्या दिवशी मी आग लावण्याऐवजी खेळ थांबवायला हवा होता, सॉरी. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. येईल किंवा येणार नाही.

सोंगटी | पुढच्या रविवारी, दुपारी १२:२०

शेवटचं अपडेट. फायटरवाल्याच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमलो. ट्यूबलाइट फडफडते, टेबल टेनिसच्या टेबलावर नकाशा पसरावा लागतो आणि साडेसातला भजनी मंडळ येतं, त्यामुळे अर्धा तास कमी. मिनिएचरऐवजी बुद्धिबळाची प्यादी आणि एक शेंगदाणा (तो ओग्र, म्हणजे राक्षस). सुरुवातीचा तासभर सेशन झीरो पुन्हा केलं. कार्डावर कप ठेवायचा नाही असं ठरलं.

ती आली. वीस मिनिटं उशिरा, हेल्मेट हातात, दाराशीच विचारलं, "कुठे बसू?"

फायटरवाल्याने नवीन पात्र बनवलंय, जुनं उठवायचं नाही म्हणाला. मी देणार होते हिरा.

पाणकोंबडी | पुढच्या रविवारी, दुपारी १२:४१

आणि काकू?

सोंगटी | पुढच्या रविवारी, दुपारी १:०२

काल संध्याकाळी फोन आला होता. भजनवाल्यांच्या आधी आवराआवर चालली होती तेव्हा. म्हणाल्या, "अगं, सवयीने सहा जणांचे पोहे भिजवले." मी म्हटलं, काकू, मी बुधवारी येऊन जाते. "ये," म्हणाल्या, "त्याला नाही सांगत."

खडूस_काका | पुढच्या रविवारी, दुपारी १:१५

बुधवारी जा. त्याला सांगूनच जा.

चहाबिस्किट | पुढच्या रविवारी, दुपारी १:२८

एक खुर्ची रिकामी दिसतेय. मी कर्वेनगरला राहतो, शनिवारी मोकळा असतो, नियम शून्य येतात. कुठला क्लास घेऊ?

सोंगटी | पुढच्या रविवारी, दुपारी १:३०

रोग सोडून काहीही. आणि येताना एक ट्यूबलाइट आणा.